मदत हवी आहे: संस्थेला दिलेल्या कपड्यांवर ८०जी ची (आयकरातलं देणगीसाठीचं कलम) वजावट मिळते का?

नमस्कार मंडळी,

बाबांचं रिटर्न भरायचंय, म्हणून विचारतेय. पेन्शन आणि एफडीचं व्याज एवढंच उत्पन्न, जुनी करप्रणाली. दिवाळीआधी त्यांनी इथे सांगलीतच मुलींच्या एका वसतिगृहाला कपडे दिले. काही घरातल्या साड्या, आणि मुलींसाठी दुकानातून घेतलेले नवे ड्रेस, स्वेटर. नव्याचं २६,४०० रुपयांचं पक्कं बिल बाबांच्या नावावर आहे. संस्थेच्या पावतीवर नुसतं ‘कपडे मिळाले’ आणि खाली ८०जी चा नोंदणी क्रमांक. रक्कम नाही.

२०१९ च्या महापुरात मदत म्हणून आलेले फाटके-मळके कपडे ढिगाने कुजताना बाबांनी पाहिलेत. तेव्हापासून साडी द्यायची तर धुऊन, फॉल सुटला असेल तर टाके घालून, इस्त्री करूनच देतात.

बिलाची रक्कम वजावटीत दाखवता येईल का? संस्थेतले एक जण म्हणाले, ‘रोख देणगीची पावती करून देतो.’ बाबांना ते अजिबात पटलेलं नाही, मलाही नाही. यंदाही द्यायचंय, तर नीट कसं करावं?

प्रतिसाद:
ताई, कपड्यांवर वजावट नाही, जुन्या कपड्यांवर नाही आणि नव्यांवरही नाही. ८०जी मध्ये फक्त पैशाच्या रूपातली देणगी धरतात. तुमचं बिल दुकानदाराला दिलेल्या पैशाचं आहे, संस्थेला दिलेल्या नव्हे.

ती रोखीची पावती घेऊ नका. एक तर ती खोटी, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी ८०जी ला चालतच नाही. शिवाय संस्था देणगीदारांचं विवरण १०बीडी फॉर्ममध्ये आयकर खात्याला देते आणि आपल्याला १०बीई प्रमाणपत्र मिळतं. त्यात नाव नसेल तर दावा अडकतो.

यंदा पैसे चेकने किंवा यूपीआयने संस्थेच्या खात्यात भरा, ‘मुलींच्या कपड्यांसाठी’ असं पत्र जोडा, खरेदी संस्थेच्या नावाने होऊ दे. बाबांना दुकानात सोबत जाऊन कापड पारखता येईलच. बहुतेक संस्थांना ५० टक्के वजावट असते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे २६,४०० वर १३,२०० उत्पन्नातून वजा. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेस (करावरचा उपकर) धरून साधारण २,७४५ रुपये कर वाचेल. नव्या करप्रणालीत गेलात तर तेही नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. या वर्षीचा दावा सोडून देतोय. नव्या कपड्यांचे पैसे यंदा चेकने, साड्या मात्र नेहमीसारख्याच, त्या काही करासाठी देत नाहीत ते. संस्थेची नोंदणी चालू आहे का, हे कुठे कळेल?

प्रतिसाद:
आयकर खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत संस्थांची यादी आहे, तिथे बघा. नोंदणीला मुदत असते, त्यामुळे जुन्या पावतीवरच्या क्रमांकावर जाऊ नका. चेक लिहिण्याआधी ताज्या नोंदणीची प्रत मागून घ्या, चांगली संस्था लगेच देते.