2009 चा गुन्हा, तक्रार आता, मग शिक्षा कुठल्या कायद्यानं?

विडीघरकुलची_ताई:
माझ्या मावसबहिणीबद्दल विचारतेय, नाव लिहित नाही. 2009 मध्ये ती अकरा वर्षांची होती, ट्यूशनच्या सरांनी तिच्याशी नको ते केलं. घरात तेव्हा कुणालाच सांगितलं नाही, यंदा गड्ड्याच्या यात्रेत तो माणूस समोर दिसला आणि ही तिथंच थरथरायला लागली, रात्री सगळं बोलली. आता तक्रार करायचीय. पण एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की शिक्षा जुन्या कायद्यानंच होणार, आत्ताचे 20 वर्षं, फाशी वगैरे विसरा. असं कसं ओ? गुन्हा तोच, पोरगी तीच, मग कायदा जुना का?

कोर्टातली_अक्का:
ताई, आधी तिला सांगा की तिचं काहीच चुकलं नाही. वकिलांचं बरोबर आहे, घटनेचं कलम 20(1), गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा होती त्यापेक्षा जास्त देता येत नाही. पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागू झाला 14 नोव्हेंबर 2012 ला, म्हणजे तुमच्या केसला तो लागतच नाही, भारतीय दंड संहिताच लागणार. छत्तीसगडची एक केस बघा, घटना मे 2019 ची आणि पॉक्सोची शिक्षा वाढली 16 ऑगस्ट 2019 ला, खालच्या कोर्टानं मरेपर्यंत जन्मठेप दिली होती, 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं दोषी कायम ठेवला पण शिक्षा साधी जन्मठेप केली. तीन महिन्यांचा फरक!
पण "विसरा" हे मला पटलं नाही. 2009 मध्येसुद्धा बारा वर्षांखालच्या मुलीवर बलात्कार म्हणजे कमीत कमी 10 वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत होतीच. खरी अडचण वेगळी आहे. 2013 च्या आधी बलात्काराची व्याख्या फार अरुंद होती, आज ज्याला बलात्कार म्हणतात त्यातलं बरंच तेव्हा 354 मध्ये, विनयभंगात जायचं, त्याला जास्तीत जास्त 2 वर्षं. आणि 354 ला तीन वर्षांची मुदत होती, ती कधीच गेली, उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे पण कारण नीट मांडावं लागतं. बलात्काराला मात्र मुदत नाही. म्हणून नेमकं काय झालं हे तिनं बाई वकिलाला बंद खोलीत सांगू दे, इथं लिहू नका.

जोडभावीकर:
राग येतो वाचून. तीन महिन्यांनी सुटला म्हणजे काय! कायदा करणाऱ्यांनी आधीच्या गुन्ह्यांनाही लागू असं लिहायला काय झालं होतं?

कोर्टातली_अक्का:
लिहिलं तरी टिकणार नाही दादा, घटनेतच बंदी आहे. उद्या आज चालणारी एखादी गोष्ट गुन्हा ठरवून सरकारनं दहा वर्षांपूर्वीच्यासाठी कुणालाही आत टाकलं तर? हे कलम आपल्यालाही वाचवतं. आणि तो सुटला नाही, जन्मठेपेतच आहे. मलाही राग येतो, पण पोरीला खोटी आशा दाखवून कोर्टात उभं केलं तर ती दुसऱ्यांदा मोडते, हे मी डोळ्यानं बघितलंय.
ताई, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, 15100 वर फोन केला तरी चालतो. आणि तारखेचा पुरावा शोधा. जन्मदाखला पाहिजे, ती तेव्हा बाराच्या आत होती हे त्यावरच ठरणार.

विडीघरकुलची_ताई:
अक्का, आत्ता तिच्याशी बोलले. मावशीनं विड्या वळायच्या सुपाखाली जुन्या पत्र्याच्या डब्यात ट्यूशनच्या फीचं कार्ड ठेवलंय, महिन्याचे 60 रुपये, जून ते ऑक्टोबर 2009, प्रत्येक महिन्यापुढं त्याचीच सही. नोव्हेंबरपासून कोरं. तेव्हाच हिनं जाणं बंद केलेलं आणि मावशीनं आळशी म्हणून मारलं होतं, आता मावशी ते कार्ड धरून रडालतीय. सोमवारी तिघी मिळून जातोय.