विषय: मुळशीच्या शेतासाठी जुनी फोर बाय फोर, बजेट चार लाख

प्रेषक: नंदू (मेलबर्न)
मंगळवार

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हिशोबाच्या मेलांमध्ये हा विषय घुसवतोय, माफी असावी. डिसेंबरपासून सहा महिने पुण्यात राहायचं ठरलंय. पौडच्या पुढे आजीकडून आलेली जमीन आहे. खाली भातखाचरं, वर वरकस, म्हणजे चढावरची हलकी जमीन. वरकसावर दोन वर्षांपूर्वी आंब्याची १२० कलमं लावली. पहिले तीन-चार उन्हाळे पाणी घालावं लागतं. विहीर खाली आणि कलमं वर, मधे कच्ची वाट आणि अंगावर येणारा चढ.

मला एक जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणारी गाडी, हवी आहे. मागे ट्रेलर लावून पाण्याची हजार लिटरची टाकी वर न्यायची, शिवाय खतं, भाताची पोती, कुंपणाचे खांब. इकडे माझ्याकडे यूट (इथली पिकअप) आणि ट्रेलर आहे, त्यामुळे सवय आहे. बजेट चार लाख, ताणून साडेचार. थार, जिप्सी, बोलेरो, सफारी यांतलं काय घ्यावं? तिकडे राहून आलेल्यांनी किंवा परत गेलेल्यांनी सांगावं.

नंदू

---

प्रेषक: राजा (ऑकलंड)

नंद्या, तिकडचीच प्राडो कंटेनरमध्ये घालून पाठव की! मजा करतोय. भारतात वापरलेली गाडी न्यायची तर तीन वर्षांहून जुनी चालत नाही, उतरवायची मुंबई बंदरातच, आणि ड्यूटी भरून होईपर्यंत मुळशीत आणखी एकरभर येईल. (ते तरी कुठलं घेता येणार म्हणा, आपल्या परदेशस्थांना शेतजमीन वारसाने मिळते, विकत नाही घेता येत.)

जिप्सी घे. दिसते झकास.

राजा

---

प्रेषक: बापूकाका (कोथरूड, पूर्वी मेलबर्न)

नंदू,

राजाचं ऐकू नकोस, त्याला गाडी फोटोत हवी असते.

आधी एक हिशोब. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. टाकी आणि ट्रेलरचं लोखंड धरून तेराशेच्या आसपास. जिप्सीचं स्वतःचं वजन टनाच्या आतबाहेर. म्हणजे कुत्रं शेपूट हलवणार नाही, शेपूटच कुत्र्याला हलवणार. वर जाताना नाही, खाली येताना कळेल. तुमच्याकडे साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात ना? इथे गावातला वेल्डर जो ट्रेलर बनवून देईल त्याला दोन चाकं आणि एक हुक असेल, ब्रेक नसतील. उतारावर चार चाकं फिरवून काही होत नाही. तिथे गाडीचं वजन, ब्रेक आणि लो रेंजमधला, म्हणजे संथ पण जोरकस टप्प्यातला, पहिला गिअर, एवढ्यावर तुझा जीव.

दुसरं म्हणजे ऋतू. तू चिखलाचा विचार करून फोर बाय फोर मागतोयस, पण पाणी घालायचं कधी? मार्च ते मे. तेव्हा मुळशीतला चिखल दगड झालेला असतो. त्या दिवसांत तुला चाकांची पकड कमी पडणार नाही, पडली तर चढावरच्या सुट्या मुरमावर. चिखल जूनपासून, आणि तेव्हा पाणी वाहायचं काम आभाळ करतं. म्हणून तुझ्यासाठी ‘लो’ महत्त्वाची, नुसती ‘फोर’ नव्हे. दोन्ही एका दांडीवर असल्या तरी.

आता गाड्या. माझ्याकडे पहिल्या पिढीची थार नऊ वर्षं आहे, तेव्हा पक्षपात धरून वाच.

थार (२०१० ची, ऑक्टोबर २०२० ला आलेली नवी नव्हे): नव्या धर्तीचं सीआरडीई डिझेल इंजिन ताकदवान, आणि २०१५ नंतरच्यांत मागच्या अ‍ॅक्सलला आपोआप लॉक होणारं डिफरन्शियलही आलं (एक चाक जागीच फिरायला लागलं तर दुसऱ्यालाही जोर मिळतो). पण तिच्या जुन्या मालकांना वाटतं आपण सोनं विकतोय. चार लाखांत जी मिळेल ती कुणीतरी लोणावळ्याच्या मागे दर रविवारी बडवलेली असेल. साधी, जुन्या धर्तीच्या डिझेल इंजिनाची डीआय स्वस्त पडते, संथ असते, पण शेताला संथपणा चालतो.

जिप्सी: १९८५ पासूनची, २००० नंतरची इंजेक्शनवाली बरी. हलकी, चिखलात कमाल, पेट्रोल पिते. माणूस आणि दोन पोती न्यायला उत्तम, तुझ्या टाकीला अजिबात नाही. लष्करातून लिलावात निघालेल्या जिप्सी फिरत असतात, त्यांचा चासी नंबर आणि कागद जुळेपर्यंत हात लावू नये.

सफारी स्टॉर्म फोर बाय फोर: ४०० न्यूटन मीटरवाली मिळाली तर ओढायला राजा. घर पुण्यातलंच, पिंपरीचं. पण तुझ्या वाटेवर दोन बांधांमधून ती बसेल का ते आधी टेप लावून बघ. मिळते स्वस्त, सांभाळायला नाही.

गुरखा: आकुर्डीच्या फोर्स कंपनीची. पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक करायची सोय कारखान्यातूनच येते, इंजिन जुन्या मर्सिडीजच्या कुळातलं. या यादीत कामाला सर्वांत खरी. पण जुन्या बाजारात येतच नाहीत फारशा.

आणि बोलेरो. कुणी फोटो काढत नाही तिचा. डीआय इंजिन, २५२३ सीसी, पाट्याची सस्पेन्शन, आणि पौडला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा पोरगा ती डोळे मिटून उघडतो. फोर बाय फोर बोलेरो कमी असतात, पण असतात. कॅम्पर पिकअपमध्येही येते. चार लाखांत माझं मत हिलाच.

बघायला गेलास तर चार गोष्टी. चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच झिजेचे हवेत. दोन निराळे असतील तर फोरमध्ये टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतात. ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या डब्याचं) तेल बोटावर घे, दुधाळ असलं तर पाण्यात गेलेली गाडी. पुढे-मागे करताना खालून ‘टक्’ आवाज आला तर शाफ्टचे सांधे (क्रॉस) गेले, तो खर्च फार नाही. मागचे पाटे जिथे चासीला धरतात तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ, पोपडा निघाला तर नमस्कार करून परत ये. आणि फोर बाय फोर चालते का हे डांबरावर तपासू नकोस, मोकळ्या मातीत तपास. या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं, कोरड्या रस्त्यावर वळवलंस की सगळं आवळून बसतं.

बापूकाका

---

प्रेषक: माधुरी (सिडनी / वेल्हे)

नंदू, कागदांचं मी सांगते, कारण मी फसले आहे.

आमची पहिली गाडी दिल्लीची होती. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली तेव्हा त्या सगळीकडे स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. एका दलालाने ‘एनओसी आलीच आहे’ म्हणून पैसे घेतले. एनओसी, म्हणजे फॉर्म २८, यायला पाच महिने लागले. मग इथला रोड टॅक्स नव्याने, मग एमएच १२ नंबर. स्वस्त पडली ती गाडी महाग झाली, आणि एक अख्खा पावसाळा अंगणात उभी राहिली. तेव्हा महाराष्ट्राचीच गाडी बघ: १२, १४, ११, ४२, काहीही चालेल. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही समोर बसून घे. कर्ज असेल तर बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ हवा. दंडाचे ई-चलन गाडीच्या नंबरवर बघून घे, नाहीतर कुणाच्या तरी एक्स्प्रेस वेवरच्या हौसेचे पैसे तू भरशील. विमा नावावर करायला चौदा दिवस असतात, तेवढ्यात कर.

पंधरा वर्षं झालेली गाडी स्वस्त वाटते, पण नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली आहे, शिवाय पर्यावरण कर आणि पासिंग. पिकअप घेतलीस तर बहुतेक पिवळी (व्यावसायिक) पाटी असेल. आठ वर्षांनंतर तिचं पासिंग दर वर्षी, आणि तू सहा महिने मेलबर्नला. तेव्हा ते कोण करणार हे आधी ठरव. लायसन्सची काळजी नको, साडेसात हजार किलोपर्यंत साधं एलएमव्ही चालतं, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितलंय.

ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी. तुझ्या वरकसावर कुणी विचारणार नाही, पण पौडच्या रस्त्यावर काही झालं तर विमावाला पहिलं तेच विचारेल.

आणि पूर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्यात किती गाड्या गेल्या आठवतंय ना? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, मग २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडची एकता नगरी. त्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. वरचा भाग सगळे घासतात, आतल्या टोकाला गाळाची रेघ तशीच असते.

माधुरी

---

प्रेषक: सुमाआत्या (अ‍ॅडलेड)

नंदू बाळा, मला गाड्यांतलं कळत नाही. पण १२० झाडं, आठवड्याला झाडामागे २० लिटर धरले तर २४०० लिटर झाले. त्यासाठी तू एक ड्रायव्हर, एक गाडी, एक ट्रेलर, एवढं डिझेल आणि तीन खेपा करणार? विहिरीवर इंजिन ठेव आणि पाइप वर ने. वर एक काळी टाकी बसव, खाली ठिबक. आमच्या जुन्नरला भावाने तसंच केलंय. चढ किती आहे रे?

आत्या

---

प्रेषक: नंदू

आत्या,

चढ जवळजवळ ४५ मीटर. काल रात्री बसून आकडेमोड केली. तीन एचपीच्या पंपाला हे काम फार नाही, तासाभराचं आहे. मी दोन महिने ट्रेलरची चित्रं बघत होतो.

खरं सांगायचं तर ट्रेलर मला हवा होता. इकडे दर शनिवारी लावतो ना, तेव्हा आपण काहीतरी करतोय असं वाटतं. तिकडेही तसंच वाटेल अशी समजूत होती.

तर ट्रेलर बाद. गाडी मात्र लागणारच. पावसात शेवटचा किलोमीटर रिक्षावाला येत नाही, खतं आणि रोपं न्यायची असतात, आणि मागच्या वर्षी आमच्या राखणदाराच्या बायकोला बाळंतपणाला चिखलातून खुर्चीवर बसवून आणलं होतं. म्हणजे बापूकाका, तुमचा ऋतूचा हिशोब आता उलटा फिरला. मला चिखलाचीच गाडी हवी. मग जिप्सी?

नंदू

---

प्रेषक: बापूकाका

नाही रे बाबा. बाळंतिणीला जिप्सीच्या मागच्या आडव्या बाकावर नेऊन बघ एकदा, ती खुर्चीच मागेल. बोलेरोच. पांढऱ्या पाटीची, मागे सीट असलेली. आत्याचे पाइप तिच्या टपावर जातात.

टायर मात्र गाडीबरोबर आले ते ठेवू नकोस. तुझ्या लाल मातीत गुळगुळीत टायरवर फोर बाय फोर म्हणजे दोनऐवजी चार चाकं जागच्या जागी फिरणार. चाळीस-पन्नास हजार टायरना बाजूला काढ, म्हणजे गाडीला राहिले साडेतीन-चार.

भोरला एक डीआय फोर बाय फोर आहे असं कळलंय, शनिवारी जाऊन बघतो.

बापूकाका

---

प्रेषक: मंडळ सचिव

सर्वांस विनंती: दिवाळी फराळाची नोंदणी रविवारी बंद होते. आतापर्यंत नोंदणीपेक्षा बोलेरोच्या मेल जास्त आल्या आहेत.

---

प्रेषक: बापूकाका
रविवार

नंदू,

फराळ दोन माणसांचा लिहा माझ्या लेकीच्या नावाने, ती तिथेच आहे.

भोरची गाडी पाहिली. २०११ ची, एमएच १२, दुसरा मालक, मंडईला भाजी नेणारा गृहस्थ. आरसी स्वच्छ, बोजा नाही, ई-चलन एक, हेल्मेटचं. चारचाकीला हेल्मेटचं कसं ते त्यालाही माहीत नाही. पंधरा वर्षं भरत आली आहेत, म्हणजे पहिलं नूतनीकरण तुझ्या डोक्यावर, ते किमतीतून वळतं करायचं. पाटे ठीक, चासी टोचून पाहिली, टणक. सीटबेल्ट कोरडे, धूर पांढरा नाही, निळा थोडा चढावर. टायर दोन एका कंपनीचे, दोन दुसऱ्या, चारही टकले. ते तसेही बदलायचेच.

मग म्हटलं फोरमध्ये टाकून दाखवा. तो म्हणाला, कशात? मी गिअरच्या शेजारची दुसरी दांडी दाखवली. म्हणाला, ‘साहेब, ही कशाला असते ते नाही माहीत, पोरगा तिला डब्याची पिशवी अडकवतो.’

दांडी हलली नाही. तेल घालून, पुढे-मागे ढकलून वीस मिनिटांनी हलली आणि शेजारच्या नांगरटीत चारही चाकं फिरली, लोमध्येसुद्धा. आठ वर्षांत कुणी वापरलेली नाही, म्हणजे झिजलेलीही नाही. तेल बदलून, सील बघून घ्यावे लागतील. तो चार दहा म्हणतोय, मी तीन साठ म्हटलं आणि चहा पिऊन उठलो. बुधवारी त्याचा फोन येईल. पिशवी त्याने परत तिथेच अडकवली.

बापूकाका