मदत हवी आहे: क्लचवाल्या ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मागच्या चाकांना ताकद नेमकी किती जाते?

मंडळी, नमस्कार. मी साताऱ्याचा. दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड ऑल व्हील ड्राइव्ह टर्बो सेडान घेतली. इंजिन आडवं, मागे हॅलडेक्स क्लच (गरज पडली की आवळून मागच्या चाकांना ताकद देणारा). रविवारी पावसात कासला निघालो होतो. यवतेश्वर घाटात एका वळणावर लाल माती वाहून आली होती. रेस दिली तर पुढची चाकं भर्रकन जागीच फिरली, नाक बाहेरच्या अंगाला सरकलं, आणि मग मागून कुणी ढकलावं तसा हिसका बसला. मित्राची जुनी ऑडी क्वाट्रो (इंजिन उभं, मधे टॉर्सन, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा गियरचा डिफरन्शियल) तिथूनच निमूट निघून गेली. वर टपरीवर चहा होईपर्यंत त्याने माझी यथेच्छ खेचली.

टॉर्सनमध्ये गियरच एकमेकांत आवळतात, सेन्सरची वाट बघत नाहीत, इथवर समजलं. निसान जीटी-आर आर३५ मुळात मागच्या चाकांची, गरजेपुरती पुढे ५० टक्क्यांपर्यंत देते. टोयोटाच्या जीआर यारिसमध्ये बटणावर पुढे:मागे ६०:४०, ३०:७०. माझ्या गाडीचं म्हणे ‘मागे ५० टक्क्यांपर्यंत’. मग पुढची चाकं चिखलात असताना उरलेले ५० जातात कुठे?

उत्तर: दादा, टक्केवारीत अडकू नका. क्लच पूर्ण आवळला म्हणजे दोन्ही ॲक्सल (पुढच्या आणि मागच्या चाकांचे दांडे) एकाच वेगाने फिरतात, एवढंच. पुढच्या चाकांना पकडच नसेल तर तिथे टॉर्क (फिरवणारा जोर) टिकत नाही, जवळजवळ सगळा मागे जातो. ५०:५० हे दोन्हीकडे सारखी पकड असतानाचं. मित्रालाही सांगा, एखादं चाक हवेत गेलं की टॉर्सनही हात टेकतो. तो कमी पकडीच्या बाजूला टिकेल त्याच्या काही पट टॉर्क दुसरीकडे देतो, आणि शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच. तेव्हा ब्रेक हलका दाबून चाकाला खोटा विरोध द्यावा लागतो.

तुमचा हिसका म्हणजे क्लच उशिरा आवळतोय. हॅलडेक्सचं तेल कधी बदललंय? त्याचं तेल वेगळं असतं. पाचव्या पिढीचं युनिट असेल तर क्लच आवळणाऱ्या तेलाच्या पंपाची बारीक जाळीही बघा, क्लचच्या भुकटीने तुंबते. आणि चारही टायर सारखे झिजलेत ना?

धागाकर्ता: जुनी बिलं चाळली. इंजिन ऑइलची पाच, हॅलडेक्सचं एकही नाही. वर मागचे टायर नवे, पुढचे गुळगुळीत! उद्या पोवई नाक्यावरून टायर बघून येतो. पण जाळी साफ करायला पंप काढला की सगळं तेल सांडतं का? आमचा मेकॅनिक म्हणतो, ‘कशाला उघडताय, चालतंय की.’