सत्र न्यायालयाने दिलेला जामीन रद्द करायला मुंबईच गाठावी लागते का? (नाशिक)

नमस्कार मंडळी. कोर्टाचं कळणारं कुणी असेल तर जरा सांगा, आमचं डोकं चालेनासं झालंय.

गाव दिंडोरी तालुक्यात. बांधाच्या भांडणातून मार्चमध्ये शेजाऱ्याने माझ्या थोरल्या भावावर कोयता चालवला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. द्राक्षाच्या छाटणीची कात्रीसुद्धा आता त्याला धरवत नाही. गुन्हा बीएनएस (भारतीय न्याय संहिता) १०९ (खुनाचा प्रयत्न) आणि ११८(२) (घातक हत्याराने गंभीर दुखापत) खाली. चार्जशीट गेलं, आरोपी साडेतीन महिने नाशिकरोड जेलमध्ये राहिला आणि मग इथल्या सत्र न्यायालयाने त्याला जामीन दिला. अटी दोन: साक्षीदारांना भेटायचं नाही, दर सोमवारी ठाण्यात हजेरी.

तिथवर आम्ही गप्प बसलो. पण मागच्या गुरुवारी त्याने आमच्या बागेत कामाला असलेल्या काकांना खताच्या दुकानासमोर गाठलं. हे काका म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले एकमेव साक्षीदार. "कोर्टात सांग, मी काही पाहिलं नाही. नाहीतर तुझाही हात बघतो." ठाण्यात गेलो तर एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून कागद हातात दिला.

गावातले एक जाणते म्हणतात, जामीन देणारं कोर्ट तो परत घेऊ शकत नाही, हायकोर्टातच जा. म्हणजे मुंबई, कारण संभाजीनगरचं खंडपीठ आपल्या जिल्ह्याला नाही. वकिलाची फी, पंचवटी एक्सप्रेसच्या चकरा आणि ऑक्टोबर छाटणी तोंडावर. खरंच दुसरा रस्ता नाही का? आणि अर्ज पोलिसांनीच करावा लागतो की आम्हीही करू शकतो?

जुना_आग्रा_रोड:
दादा, जाणत्यांचं अर्धंच बरोबर आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या (सीआरपीसी) कलम ४३९ च्या जागी १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४८३ आलं. त्याच्या पोटकलम ३ खाली जामिनावरच्या माणसाला परत अटक करायला सांगण्याचा अधिकार हायकोर्ट आणि सत्र न्यायालय, दोघांनाही आहे.

मेख वेगळीच आहे. तुमची तक्रार 'जामीन द्यायलाच नको होता' अशी असेल, तर त्याच न्यायाधीशांपुढे परत जाण्यात अर्थ नाही, तिथे हायकोर्टच. पण जामीन मिळाल्यावर नवीन काही घडलं असेल, तर सत्र न्यायालयातच अर्ज चालतो. गुरुचरण सिंग (१९७८) च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. तुमचा गुरुवार नवीनच. म्हणजे सीबीएस बसस्थानकाजवळचं आपलं नाशिकचं कोर्ट पुरे.

फिर्यादीही अर्ज करू शकतो. तरी आधी सरकारी वकिलांना भेटा, त्यांनी अर्ज केला तर वजन पडतं. आणि एनसीवर समाधान मानू नका. खोटी साक्ष द्यायला धमकावणं हा बीएनएस २३२ चा गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी नुसती एनसी न लिहिता एफआयआर घ्यायला हवा. ठाण्यात ऐकत नसतील तर एसपी ग्रामीणकडे लेखी द्या, पोच घ्या.

काळाराम_कट्टा:
वरच्या सरांना दुजोरा, पण एक कडू अनुभव. आमच्या प्रकरणात आम्ही 'आरोपी मोकाट फिरतो, आम्हाला भीती वाटते' एवढंच लिहिलं होतं. अर्ज फेटाळला. जामीन नाकारणं आणि दिलेला काढून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी, असं न्यायाधीश म्हणाले. तारीख, वेळ, जागा, शब्द, सगळं साक्षीदाराच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात हवं.

जुना_आग्रा_रोड:
अगदी. दौलतराम विरुद्ध हरियाणा (१९९५) चं तत्त्व तेच: मिळालेला जामीन काढायला ठोस आणि भक्कम कारण लागतं. साक्षीदारावर दबाव हे त्यातलं ठळक कारण. जामिनाच्या आदेशाची नक्कल काढा, अटी शब्दशः तिथूनच उचला. आणि काकांसाठी २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली वेगळा अर्ज द्या. जिल्ह्यातली त्याची समिती जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते. जामिनाचं काही होवो, काकांना संरक्षण आजच हवंय.

धागाकर्ता:
सर, मनापासून आभार. काका तयार आहेत, काकू नाहीत. त्यांना समजवायला आज आई जातेय. खताच्या दुकानावर कॅमेरा आहे हे मला आत्ता, तुमचं वाचताना आठवलं. दुकानदार म्हणतो पंधरा दिवसांनी सगळं पुसलं जातं. आज अकरावा. पेनड्राइव्ह घेऊन निघालोय.

जुना_आग्रा_रोड:
थांबा, नुसता पेनड्राइव्ह नको. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र दुकानदाराच्या आणि तज्ज्ञाच्या सहीने लागेल, आणि पोलिसांनाही आजच लेखी कळवा की फुटेज जप्त करा.