मिल्टन कीन्समधली खरेदी, खाणं आणि धंदा: आपापले अनुभव लिहा

मंडळी, इंग्लंडमधलं आपलं मिल्टन कीन्स झपाट्यानं वाढतंय. २०११ च्या जनगणनेत अडीच लाखांच्या आत असलेली वस्ती २०२१ मध्ये २ लाख ८७ हजारांवर गेली आणि २०२२ मध्ये सिटीचा दर्जाही मिळाला. पुण्या-नाशिकहून नवीन आलेला प्रत्येक जण तेच विचारतो: किराणा कुठे, बाहेर जेवायचं कुठे, घरून डबे सुरू करायला काय लागतं? उत्तरं एका जागी राहावीत म्हणून हा धागा. स्वतः केलंय, सोसलंय तेवढंच लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही २०१४ च्या जानेवारीत आलो. पहिल्या शनिवारी पिशवी घेऊन पायी निघाले, नाक्यावर भाजी मिळेल या हिशेबानं. नाकाच सापडेना. आडवे रस्ते एच, उभे रस्ते व्ही, छेदतील तिथे राउंडअबाउट, आणि वस्त्या सगळ्या झाडांच्या आड. दुकान वस्तीच्या पोटात असतं, मोठ्या रस्त्यावरून दिसतच नाही. पायी आणि सायकलनं जायला रेडवे आहेत. त्यावरून रस्त्याखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलं की दुकान दहा मिनिटांवर. हे कळायला मला तीन आठवडे लागले. नवीन आलेल्यांनी आधी रेडवेचा नकाशा मिळवा.

*

डब्यांचं मी सांगते. सहा वर्षं घरून फराळ आणि पोळ्या करून देतेय.

काम सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी काउन्सिलकडे नोंदणी करायची. फी नाही. मग तपासणीला अधिकारी येतात. मला आदल्या रात्री झोप नव्हती. बाई आल्या, हात धुवायची सोय बघितली, फ्रीजचा दरवाजा उघडून थर्मामीटर ठेवला (८ अंशांच्या वर जाता कामा नये) आणि मग मसाल्याचे डबे एकेक करून उघडायला लागल्या. हिंगाची डबी हातात घेऊन विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, हिंग. त्यांनी डबी फिरवून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: गव्हाचं पीठ. मी बिनगव्हाची म्हणून जी चकली देत होते, तिच्यात हिंगातून गहू जात होता. माझ्या गिऱ्हाइकांत एका सीलिॲक (गहू अजिबात न चालणाऱ्या) मुलाची आई होती. मी तिला त्याच दुपारी फोन केला. मुलगा ठीक होता, पण माझे हात कापत होते.

इथे १४ ॲलर्जन्सची, म्हणजे ॲलर्जी होऊ शकते अशा पदार्थांची, यादी आहे. त्यात आपले तीळ, शेंगदाणे, काजू, दूध, मोहरी सगळं येतं. ऑक्टोबर २०२१ पासून स्टॉलवर आधीच पॅक करून ठेवलेल्या पाकिटावर सगळे घटक लिहावे लागतात आणि ॲलर्जन ठळक. पाठ करू नका, डब्या वाचा. मला स्वच्छतेचे पाचपैकी पाच गुण मिळाले ते दुसऱ्या तपासणीत.

*

रविवारचं लक्षात असू द्या. मोठ्या दुकानांना १९९४ च्या कायद्यानं रविवारी फक्त सलग सहा तास, तेही सकाळी १० ते संध्याकाळी ६ च्या दरम्यान. जूनमध्ये बाबा आले होते, रात्री नऊला लख्ख उजेड. सहाला त्यांना शॉपिंग सेंटरला नेलं तर सगळं बंद. दुसऱ्या दिवशी परत गेलो. बाबा पीडब्ल्यूडीतले. खरेदी बाजूलाच राहिली, ते वर बघत चालत होते. "दिवा न लावता बाजारात एवढा उजेड?" म्हणाले. ही इमारत १९७९ ची, २०१० पासून संरक्षित वारसा यादीत. आपण रोज जातो आणि वर बघत नाही.

*

मी सेक्लो गेटच्या पुलाजवळच्या बाजारात शनिवारी वडापावचा स्टॉल लावायचो. थंडीत तेल तापायला वेळ लागायचा, पण गिऱ्हाईक समोर असायचं, काय आवडलं ते तोंडावर कळायचं. दीड वर्षात हिंमत आली आणि गाळा घेतला.

तिथे चुकलो. भाडं बघितलं, सर्व्हिस चार्जचं (इमारतीच्या देखभालीच्या खर्चाचं) पान वाचलंच नाही. पाच वर्षांचा करार, मध्ये सोडायची तरतूद नाही. छताच्या दुरुस्तीचा वाटा भाड्याच्या वर मागितला तेव्हा मालकाच्या एजंटनं सहीकडे बोट दाखवलं. सोलिसिटरचे, म्हणजे वकिलाचे, जे पैसे वाचवले त्याच्या कितीतरी पट गेले. गाळ्याचं रेटेबल व्हॅल्यू (करासाठी धरलेली किंमत) १२ हजार पौंडांच्या आत आणि तो तुमचा एकमेव गाळा असेल तर बिझनेस रेट्स, म्हणजे गाळ्यावरचा कर, पूर्ण माफ होतात, पण अर्ज आपण करायचा असतो. माझे चार महिने भरण्यात गेले, ते मात्र मागाहून परत मिळाले. आता पुन्हा स्टॉलच आहे. या, चटणी बायकोच्या हातची असते.

*

बाहेर जेवायला, नुसतं हिंडायला स्टोनी स्ट्रॅटफर्डला जा. वॉटलिंग स्ट्रीट या जुन्या रोमन रस्त्यावरचं गाव, घोडागाड्यांच्या काळातल्या कॉक आणि बुल या खाणावळी हाय स्ट्रीटवर जवळजवळ आहेत. दुकानदार दुसऱ्या खेपेला ओळखतो. मला इथे आल्यावर पहिल्यांदा गावात असल्यासारखं तिथेच वाटलं.

*

फराळवाल्या ताई, तुमचं वाचून आत्ता उठून माझी हिंगाची डबी बघितली. गहू आहे. माझ्या लेबलवर नाही. उद्याच्या ऑर्डरी थांबवतेय, सगळ्यांना आत्ताच मेसेज करते.