अनुभव धागा : ऑनलाइन सर्वेक्षणात एकाच पानाच्या प्रती काढताना

कोकणात सर्वेक्षणाचा फॉर्म तयार करायला बसले की एक अडचण हटकून येते. एका घराच्या बागा वेगवेगळ्या ठिकाणी असतात, एका मालकाच्या नौका दोन-तीन असतात, आणि प्रत्येकीसाठी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे असतात. अशा वेळी बहुतेक जण एक पान नीट तयार करून त्याच्या प्रती काढतात. प्रत काढणे हे एका टिचकीचे काम आहे. खरे काम त्यानंतर सुरू होते. ज्यांनी बागायत, मासेमारी किंवा पर्यटन यांसाठी असे फॉर्म चालवले आहेत, त्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

देवगड, आंबा बागायतदारांच्या गटाचे काम

मोहोराच्या काळात आम्ही प्रत्येक बागेची माहिती गोळा करतो : कलमे किती, त्यांचे वय काय, मोहोर कधी आला, तुडतुड्यांसाठी फवारणी केव्हा झाली. गूगल फॉर्म्समध्ये विभागाच्या, म्हणजे फॉर्ममधल्या एका पानाच्या, कोपऱ्यातील तीन ठिपक्यांखाली प्रत काढण्याची सोय आहे. पहिला विभाग मी अगदी पूर्ण करते, म्हणजे कोणता प्रश्न अनिवार्य, कुठे केवळ आकडाच स्वीकारायचा, औषधांचे पर्याय कोणते, हे सगळे ठरवूनच प्रत काढते. या गोष्टी प्रतीत जशाच्या तशा येतात. परंतु त्यानंतर मूळ पान आणि प्रत यांचा एकमेकांशी काहीही संबंध राहत नाही, आणि एखादे औषध यादीत घालायचे राहिले असेल तर ते प्रत्येक प्रतीत जाऊन स्वतंत्रपणे घालावे लागते.

दुसरी गोष्ट नावांची. विभागाचे शीर्षक उत्तरांच्या तक्त्यात उतरत नाही. तिथे स्तंभाच्या डोक्यावर फक्त प्रश्न दिसतो. विभागाला ‘दुसरी बाग’ असे नाव देऊन प्रश्न मात्र ‘कलमांची संख्या’ असाच ठेवला, तर तक्त्यात त्याच नावाचे स्तंभ येत राहतात, आणि सड्यावरची बाग कोणती व खाडीकाठची कोणती हे ओळखणे अवघड होऊन बसते. म्हणून ‘बाग २ – कलमांची संख्या’ असे प्रश्नातच लिहावे. क्रमांक आरंभीच हवा. शेवटी ठेवला तर अरुंद स्तंभात तो झाकला जातो.

हर्णै, मच्छीमार सहकारी संस्थेसाठी माहिती संकलन

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्याला असतात आणि मालक घरी भेटतात, त्यामुळे आमची नोंदणी तेव्हाच चालते. देवगडच्या ताईंनी नावांबद्दल लिहिले ते योग्यच आहे. मी पानाच्या शेवटाबद्दल लिहितो. प्रत मूळ पानाच्या लगेच खाली येते, आणि पान संपल्यावर पुढच्या विभागात जाणे हीच फॉर्मची मूळ व्यवस्था असते. परिणामी ज्याची एकच होडी आहे, त्याच्यासमोरही दुसऱ्या नौकेचे पान येते, आणि त्यातले प्रश्न अनिवार्य असतील तर तो पुढेही जाऊ शकत नाही. असे झाले की माणूस काहीतरी आकडा भरून मोकळा होतो, आणि कागदावर बंदरात नसलेल्या नौका दिसू लागतात.

यावर उपाय म्हणून प्रत्येक पानाच्या शेवटी ‘आणखी नौका आहे का?’ असा प्रश्न ठेवून ‘नाही’ या उत्तराला थेट शेवटच्या विभागाकडे पाठवावे, आणि प्रत काढल्यावर ही वाट प्रत्येक पानावर नव्याने तपासावी. उत्तरानुसार वाट बदलण्याची सोय एकच पर्याय निवडायच्या प्रश्नांना आणि खाली उघडणाऱ्या यादीलाच आहे. अनेक चौकटींवर खूण करायच्या प्रश्नाला ती नाही. आमच्याकडे एकच मालक गिलनेट आणि डोल अशी दोन्ही प्रकारची जाळी वापरतो, त्यामुळे जाळ्यांच्या प्रश्नावरून पाने वेगळी करता येत नाहीत; प्रत्येक जाळ्यासाठी स्वतंत्र ‘हो–नाही’ विचारावे लागते.

श्रीवर्धन, वाडी नुकसानीच्या नोंदी

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागातील नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा नोंदींचे काम केले. एका कुटुंबाचे वाडीचे किती तुकडे निघतील हे आधी सांगता येत नव्हते, त्यामुळे पानाच्या प्रती काढण्याचा मार्ग मी मुळातच सोडला. कोबोटूलबॉक्स या माहिती गोळा करण्याच्या साधनामध्ये प्रश्नांचा गट एकदाच तयार करून त्याची पुनरावृत्ती होऊ देता येते. तुकड्याची नोंद संपली की ॲप स्वतःच ‘आणखी एक जोडायची का?’ असे विचारते. नेटवर्क नसतानाही मोबाइलवर नोंद होते आणि नंतर ती पाठवता येते, हे त्या दिवसांत फार उपयोगी पडले. मात्र एक्सेलमध्ये या नोंदी वेगळ्या शीटवर येतात, आणि कोणता तुकडा कोणत्या कुटुंबाचा हे अनुक्रमांकावरून जुळवावे लागते. ज्यांना सगळे एका ओळीत बघायची सवय आहे त्यांना हे जाचते. माझ्या मते तरीही तोच मार्ग सरळ आहे.

तारकर्ली, घरगुती निवास

आमची गरज लहान आहे. दर हंगामात पाहुण्यांच्या अभिप्रायाचा पूर्ण फॉर्मच नक्कल करतो. प्रश्न येतात, जुनी उत्तरे येत नाहीत. शेवटी दिसणारा आभाराचा मजकूर मात्र जुनाच येतो, तो बदलावा, आणि जुन्या फॉर्मचे प्रतिसाद बंद करावेत, कारण व्हॉट्सॲपवरची जुनी लिंक फिरतच राहते.

रत्नागिरी, महाविद्यालयातील संख्याशास्त्राचे अध्यापन

थोडा वेगळा सूर लावतो. पाने वाढवण्याआधी ती खरोखर लागतात का, हे पाहावे. संख्या ठरलेली आणि प्रश्न दोन-तीनच असतील, तर ओळी-स्तंभांचा एकच तक्ता पुरतो; तो मोबाइलवर आडवा सरकवावा लागतो, म्हणून स्तंभ थोडे आणि शब्द आखूड ठेवावेत.

हर्णैच्या भाऊंना एक सुचवावेसे वाटते. फॉर्म पाठवण्यापूर्वी शून्य नौका, एक नौका आणि कमाल नौका अशी तिन्ही उत्तरे स्वतः शेवटपर्यंत भरून पाहावीत, आणि मग तक्ता उघडून प्रत्येक आकडा आपल्या स्तंभात पडला आहे की नाही ते बघावे. या चाचणीच्या ओळी खरी नोंदणी सुरू होण्याआधी काढून टाकाव्यात.