शब्दचर्चा : 'चिंतासंवेदनशीलता' म्हणजे हळवेपणा नव्हे

प्रश्न : नागपुरातील एका व्यसनमुक्ती केंद्राच्या माहितीपत्रकात 'अँग्झायटी सेन्सिटिव्हिटी'साठी मी 'चिंतासंवेदनशीलता' असे लिहिले. ते वाचून तेथील समुपदेशक ताईंनी विचारले, 'म्हणजे हळवा माणूस का?' दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर : ताईंची शंका रास्त आहे. मराठीत 'संवेदनशील' हे बहुधा कौतुकाचे विशेषण असते, शिवाय या समासाचा विग्रह 'चिंतेमुळे आलेली' आणि 'चिंतेविषयीची' असा दोन्ही प्रकारे होतो. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन रीस आणि रिचर्ड मॅकनॅली यांनी १९८५ साली मांडलेली कल्पना निराळी आहे : छातीत धडधडले की झटकाच येणार, विचार भरकटले की वेड लागणार, हात थरथरले की चारचौघांत शोभा होणार, अशी लक्षणांचीच भीती मनात बसणे. २००७ सालच्या १८ विधानांच्या मापनीत हेच तीन पैलू मोजतात. मी 'चिंतेची धास्ती' म्हणेन.

'धास्ती' शेजारी 'धसका' ठेवून पाहावा. अपघाताचा किंवा मारहाणीचा धसका घेतलेल्या माणसाला त्या आठवणीने धडधड होते; धडधडीचीच धास्ती असेल तर ती तात्काळ शमवण्यासाठी तो दारूकडे वळण्याची शक्यता वाढते; आणि दारू उतरताना तीच धडधड, तोच कंप परत येतो, म्हणून पुन्हा ग्लास. आपल्याकडच्या खर्ऱ्यातही हाच फास आहे, कारण घेणाऱ्याला तो मन शांत करणारा वाटतो, पण त्यातल्या तंबाखूचे निकोटीन नाडी वाढवते. उपचारात जागच्या जागी धावून किंवा खुर्चीत गरगर फिरून ही लक्षणे मुद्दाम आणवतात आणि त्यांनी अनर्थ होत नाही हे अनुभवू देतात. पत्रकात हे अवश्य यावे. मात्र रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी, हेही त्याच पानावर हवे.

आणखी एक मत : 'धास्ती' पटते, 'चिंता' पटत नाही. चिंता मुलीच्या लग्नाची असते, तिच्यात छाती धडधडेलच असे नाही. आपल्याकडचा रुग्ण 'जीव घाबरून राहिला' असे सांगतो. तेव्हा 'घाबरण्याची धास्ती' का नको?

प्रश्नकर्ता : हाच शब्द घेतो. 'चिंतासंवेदनशीलता' फक्त डॉक्टरांसाठीच्या तळटीपेत राहील, आणि पहिले वाक्य असे असेल : 'जीव घाबरतो, याचीच तुम्हाला धास्ती वाटते का?'